पैठणीशेजारी मदरबोर्ड

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

कॉम्प्युटर गेला!

गणपतीची आरास आज काढली. टेबल पुसलं, कॉम्प्युटरचा पडदा, डबा, कीबोर्ड सगळं जागच्या जागी लावलं आणि सहज बटण दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म. त्याच प्लगात इस्त्री लावून बघितली – इस्त्री मस्त तापते. म्हणजे वीज आहे, दोष डब्यातच.

ह्यांना सांगायला आत गेले. हे पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. "मरू दे," म्हणाले. "सोळा वर्षं चालला. पुरे झालं."

मला हे लागलं. कारण तो कॉम्प्युटर ह्यांनी विकत आणलेला नाही, बनवलाय! दोन हजार नऊमध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक पार्ट आणून, ह्याच टेबलावर. रेल्वेत सिग्नल खात्यात जन्म गेला, हातात पेचकस नसला तर ह्यांना करमायचं नाही. मला त्या डब्यावर फडकंही मारू द्यायचे नाहीत. आणि आता "मरू दे"!

तेजलला फोन केला. "आई, त्या म्हाताऱ्या डब्यात काय ठेवलंय? मी बाबांना लॅपटॉप पाठवते." मुलगी गुणाची आहे, पण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर – पाठवते.

१० सप्टेंबर

रात्रभर पाऊस. टॉवेल तीन दिवसांचे ओले. घाटमाथ्यावर, तुंगार्लीत राहायचं तर हे चालायचंच.

भांडी घासताना झुंबरबाई म्हणाली, "बाई, सायेब आज बी भाईर आलं न्हाईत? असं पडून ऱ्हायलं की मानूस खचतंय."

तिला काय सांगू. मार्चमध्ये शेजारच्या अनिताकडे बारसं होतं. चारचौघांत ह्यांच्या हातातला कप थरथरला आणि चहा अंगावर सांडला. कुणी हसलं नाही. पण त्या दिवसापासून हे कुणाकडे जात नाहीत. तळ्यावरचं फिरणं बंद. चहासुद्धा मी खोलीत नेऊन ठेवायचा आणि मी बाहेर गेले की मग पिणार. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं – कंपवात आहे, गोळ्या चालू ठेवा आणि हात वापरत राहा, नाहीतर आखडतील. कपड्यांचे चिमटे द्या, म्हणाले, दाबून दोरीला लावायचे, दाबून काढायचे, सकाळ-संध्याकाळ. मी हौसेने रंगीत चिमट्यांचा डबा आणला. हे म्हणाले, "मी काय बालवाडीत आहे?" डबा खिडकीत तसाच आहे. वरच्या लाल चिमट्यावर बुरशीही धरली!

हातांचं भय वाटतं मला. ह्यांचे हात गेले तर हेच गेल्यासारखे होतील.

११ सप्टेंबर

मी तो डबा उघडणार आहे. काय होईल? मेलेलाच आहे की!

१२ सप्टेंबर

उघडला! भाजीच्या सुरीने स्क्रू काढले. एकाचं डोकं झिजवलं.

आत बघून थक्क झाले. मला वाटायचं आत काहीतरी गिचमिड असेल. छे! आत अख्खं गाव आहे. मधे हिरवी जमीन, तिच्यावर रस्ते, एका कोपऱ्यात पंखा, एका बाजूला लोखंडी पेटी – तिच्यातून रंगीत वायरींचा झुबका निघतो. सोळा वर्षं ह्याच्यासमोर बसून मी वीजबिल भरलं आणि आत काय आहे ते कधी विचारलंसुद्धा नाही. धूळ मात्र गोधडीएवढी. पालीची दोन अंडी. आणि तळाशी, पंख्याखाली, सगळीकडे पिवळट लालसर कण. उंदराच्या लेंड्या नाहीत. किडे नाहीत. बोटाला टणक लागतात. काय असावं?

झुंबरबाई दारातूनच – "बाई, शॉक बसंल! मी न्हाई बया हात लावायची त्या डब्याला."

"प्लग काढलाय गं."

"काडला असंल. पर आत भरलेली आसंलच की थोडी!"

नंतर वाचलं तर ती अगदीच चुकीची नव्हती. त्या लोखंडी पेटीत वीज शिल्लक राहते म्हणे, ती उघडायची नाही. पेटीचं नाव एसएमपीएस. सगळ्यांना वीज वाटून देणारी ती.

१३ सप्टेंबर, शनिवार

मजा झाली आज. लिहिलंच पाहिजे.

मोबाईलवर बघितलं की एसएमपीएस मेली आहे का हे घरीच कळतं. तिचा मोठा प्लग सुटा करायचा आणि त्यातल्या दोन वायरी एका पिनेने जोडून वीज द्यायची. पंखा फिरला तर जिवंत. मी डोक्यातली पिन काढली, वाकवली. पण कुठल्या दोन? व्हिडिओतला मुलगा भराभर हिंदीत बोलतो आणि मध्येच त्याचा हात आडवा येतो. मी आपली मोठ्यांदा बडबडत होते – पिवळी का? लाल का? पिवळी-लाल बघू का?

आतून आवाज आला. "हिरवी आणि काळी!"

मी वायरींत हिरवी शोधायला लागले.

"हिरवी एकच असते. काळी कुठलीही चालेल. आधी पिन लाव, मग बटण चालू कर. उलटं करू नकोस. आणि चपला घाल पायात!"

मार्चपासून ह्यांच्या तोंडून एका वेळी इतकी वाक्यं ऐकली नव्हती. चपला घातल्या. पिन लावली. बटण दाबलं. पंखा हलला नाही.

"गेली," आतून आवाज. मग, "ओलीनं गेली. पावसाळ्यात त्याला रोज तासभर चालू ठेवावं लागतं. अंग गरम राहिलं पाहिजे त्याचं."

ह्या पावसाळ्यात कुणी चालू ठेवलाच नाही. ह्यांना ते माहीत होतं. पलंगावर पडून, पाऊस लागल्यापासून रोज माहीत होतं. मला एकदम रडू आलं, पण म्हटलं आधी पिन काढावी.

१५ सप्टेंबर

बाजारात पप्पूच्या दुकानात गेले. "काकू, एवढा जुना? भंगारात घाला की! नवीन देतो, मस्तपैकी." मी पिशवीतून एसएमपीएस काढली आणि काउंटरवर ठेवली. "हिरवी-काळी जोडून बघितली. पंखा फिरत नाही." पप्पूने माझ्याकडे आणि माझ्या केसांतल्या वाकड्या पिनेकडे बघितलं. मग गुपचूप तशीच दुसरी काढून दिली.

१६ सप्टेंबर

ह्यांच्या पेचकसांची पेटी आजवर मी उघडली नव्हती. किल्ली ह्यांच्याकडे असते. तिला हात लावलेला ह्यांना खपत नाही – तेजलने लहानपणी एक पेचकस बाहुलीचा पलंग ठोकायला नेला होता, त्यावरून आठवडाभर अबोला!

आज जेवताना म्हणाले, "सुरीनं स्क्रूची वाट लावशील. किल्ली माझ्या पाकिटात आहे."

मी पोळी वाढत राहिले. काही मोठं घडलंय असं दाखवलं नाही. पण पोळ्या संपताच जाऊन किल्ली काढली, काय सांगू!

१७ सप्टेंबर

नवी एसएमपीएस बसवली. पंखे फिरले! मी टाळ्या वाजवल्या. पण पडद्यावर काळोख, आणि डब्यातून लांब केकाटल्यासारखा आवाज – बीऽऽप... बीऽऽप...

हे खोलीच्या दारात येऊन उभे. दारात! भिंतीला टेकून, हात पाठीमागे. "लांब येतेय. थांबून थांबून. पुन्हा चालू कर." केलं. मान तिरकी करून ऐकलं, गाडीचा हॉर्न ऐकत असत तसं. "रॅम सापडत नाहीये त्याला. आणि मदरबोर्डलाही ओल धरली असणार. काढ सगळा. वाळव."

"मी काढू?"

"मग कोण, झुंबरबाई?"

१८ सप्टेंबर

मदरबोर्ड, म्हणजे ती हिरवी जमीन, काढला. आधी फोटो, मग प्रत्येक वायरीला चिठ्ठी. हे खुर्ची ओढून बसले होते. हात मांडीखाली दाबून. सूचना मात्र तोंडाने अखंड! "तो नाही. डावीकडचा. तुझा डावा नाही, त्याचा डावा." एकदा तर मी म्हटलं, "तुम्हीच करा मग!" आणि जीभ चावली. पण हे उठून गेले नाहीत.

वाळवायचा कुठे? ऊन कुणी बघितलंय? मला एकच जागा माहीत – बल्बाचं कपाट. आमच्याकडे घरोघर असतं. कपाटात खाली बल्ब लावून ठेवायचा, नाहीतर साड्यांना बुरशी. एलईडी गार असतो, उपयोगाचा नाही, म्हणून जुने पिवळे बल्ब आम्ही दागिन्यांसारखे जपतो. तर आता माझ्या कपाटात वरच्या फळीवर पैठणी आणि पैठणीशेजारी मदरबोर्ड! पप्पूला फोनवर सांगितलं तर हसून हसून त्याला ठसका लागला.

हे म्हणाले, "पैठणी सरकव थोडी. जरीचा काठ टोचेल त्याला."

२१ सप्टेंबर, रविवार

आज कोड्याचा उलगडा झाला, आणि मी आयुष्यात एवढी ओशाळले नव्हते.

मदरबोर्ड वाळला. रॅम म्हणजे बोटभर लांबीच्या दोन पट्ट्या. त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे – ही युक्ती ह्यांची. घासल्यावर खोडरबर लाल झालं! गंज म्हणावा तर गंज असा नसतो. मग पट्ट्या बसतात त्या खाचेत वाकून बघितलं तर तिथेही लाल. आणि खाचेच्या टोकाला त्या पिवळट कणांपैकी एक रुतून बसलेला. पेचकसांच्या पेटीतल्या बारीक चिमट्याने काढला आणि ह्यांच्या समोर कागदावर ठेवला.

ह्यांनी चष्मा लावला. वाकले. बराच वेळ बघितलं.

"माधवी. ही अक्षत आहे."

दसऱ्याच्या पूजेची! दरवर्षी मी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावते, फूल वाहते आणि भक्तिभावाने वरून अक्षता टाकते. वरून! डब्याच्या माथ्यावर जाळी आहे. सोळा वर्षांच्या अक्षता, सगळ्या थेट आत! आणि त्यांच्याबरोबर कुंकू!

"म्हणून दर नोव्हेंबरात पंखा खडखडायचा," हे म्हणाले. "मी म्हणतोय बेअरिंग गेलं. तीन पंखे बदलले मी!"

आणि हसायला लागले. खांदे हलेपर्यंत. डोळ्यांतून पाणी. मीही. झुंबरबाई ओल्या हाताने धावत आली – "काय झालं? सायेब हसत्याती जनू!" तिला सांगितलं तर म्हणाली, "मग देव पावला की न्हाई सोळा वर्सं? चाललाच न्हवं डबा!"



२२ सप्टेंबर

घट बसले. मदरबोर्ड परत बसवला. एका रॅमने त्याचं केकाटणं थांबतं, दुसरीने नाही. एकेक लावून बघायचं, मग कळतं. दुसरी मेली – तिच्याच खाचेत कुंकू जास्त होतं. अपराधी मीच.

२४ सप्टेंबर

पडदा उजळला! काळ्यावर पांढरी अक्षरं. तारीख दाखवतो – १ जानेवारी २००९. आतला नाण्याएवढा सेल संपला की तो सगळं विसरतो आणि जन्माच्या वर्षी जाऊन बसतो म्हणे. हे म्हणाले, "सुखी आहे लेकाचा." गमतीत म्हणाले, पण मला ते बरं वाटलं नाही.

सेल आणला. लावला. तारीख टाकायची वेळ आली तेव्हा कीबोर्ड ह्यांच्यासमोर सरकवून मी मुद्दाम दूध बघायला गेले. दूध फ्रीजमध्ये होतं. परत आले तर पडद्यावर आजची तारीख. हात पुन्हा मांडीखाली. 

२७ सप्टेंबर

आता हार्ड डिस्क सापडत नाही त्याला. एक झालं की दुसरं! तेजल म्हणते, "आई, सोड ना आता, लॅपटॉप निघालाय कुरिअरने." येऊ दे. त्यावर फुलांची चित्रं काढत बसेन.

खिडकीतले चिमटे पुसून घेतले, बुरशी काढली, टेबलाजवळ ठेवले. ह्यांनी डबा उचलून परत खिडकीत ठेवला. एका हाताने, अंगाशी धरून. ठीक आहे.

२९ सप्टेंबर

डिस्क ठणठणीत आहे! तिच्यापासून मदरबोर्डपर्यंत एक चपटी लाल केबल जाते, तीच सैल झालीय, तोंड फाकलंय. पप्पू म्हणाला, "काकू, ही क्लिपवाली घ्या. दोन्ही तोंडांना पत्र्याची क्लिप आहे बघा. बसली की टक् वाजतं. मग हिला डबा उलटा करून हलवा, सुटायची नाही. काढायची तर क्लिप दाबूनच."

बसवली. टक्. दुसरं तोंड – टक्.

आणि चालू झाला. पुरता! तोच जुना आवाज, पडद्यावर तेच हिरव्या डोंगराचं चित्र. मी "झाला! झाला!" करत नाचले थोडी. हेही हसले. "बरं केलंस," म्हणाले. मग थोडा वेळ बसले, इकडेतिकडे बघितलं. टेबलावर आता करण्यासारखं काही नव्हतं. उठले आणि आत जाऊन पडले.

भिंतीकडे तोंड करून.

३० सप्टेंबर

आज दिवसभर आतच. चहा खोलीत. कॉम्प्युटर मी एकटीने चालवला, चांगला चालतो. मला त्याचा राग येतोय.

२ ऑक्टोबर, दसरा

पेचकस, पक्कड, कॉम्प्युटर – सगळ्यांची पूजा. अक्षता हातात घेतल्या तर आतून ओरडले, "वरून नको!" तेवढ्यासाठी बाहेर आले. फूल चिकटपट्टीने लावलं. झाकणाचे स्क्रू मी लावलेलेच नाहीत, नुसतं टेकवून ठेवलंय, त्यावरून बोलणी खाल्ली. मग सोनं दिलं एकमेकांना आणि पुन्हा आत.

लॅपटॉप आला. खोक्यातच आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

बंद! डिस्क सापडत नाही म्हणतो. मी कपाळावर हात मारला. हे बाहेर आले. "केबल बघ."

खरंच केबल सुटलेली. "तू नीट बसवली नसशील," म्हणाले. टक् तर वाजलं होतं! असेल बाई, माझा हात नवशिका. पुन्हा बसवली. आता उघडलाच आहे तर पंख्यालाही तेल दे, म्हणाले. मग वायरी नीट बांध, म्हणाले. अशी सबंध सकाळ गेली. चहा तिथेच मागितला! अर्धाच भरून दिला, की सांडायला नको. दोन्ही हातांनी धरला आणि माझ्यासमोर प्यायले. मी वायरी बांधत होते, मान वर केली नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

पुन्हा बंद. पुन्हा तीच केबल. "अवघड केस आहे," हे म्हणाले. चांगलेच खुशीत दिसले. दुपारभर मला मदरबोर्डवरचा एकेक रस्ता समजावला, कुठून वीज येते, कुठे जाते. किती नवल आहे त्या हिरव्या पाटीत! संध्याकाळी अनिता आटीव दूध घेऊन आली तर उठून आत गेले नाहीत. तिलाही समजावलं. बिचारी मान डोलवत होती.

पण मला कळत नाही. पप्पू म्हणाला होता, सुटायची नाही. मग सुटते कशी? उद्या नीट बघते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी पुन्हा बंद. हे अंघोळीला गेले होते. झाकण सरकवलं – केबल सुटलेली.

मी ती लावली. टक्. ओढून बघितली. येत नाही. जोर लावून ओढली. येत नाही. डबा गदागदा हलवला. जागची हलत नाही. क्लिप दोन बोटांत धरून घट्ट दाबायची, दाबून धरूनच ओढायची, तरच निघते. अगदी कपड्याच्या चिमट्यासारखी. माझा अंगठा दुखला.

घरात आम्ही दोघंच. झुंबरबाई त्या डब्याला हात लावत नाही.

केबल मी पुन्हा काढली, होती तशी लोंबती ठेवली, झाकण टेकवलं. चहा टाकला. मग न्हाणीघराच्या दाराशी जाऊन ओरडले – "अहो, लवकर आटपा! पुन्हा बंद पडलाय!"